डाग काढायचं बटण

४ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र बघून चकित होशील. फोनच करणार होतो, पण मामांचं म्हणणं, फोनवरचं बोलणं हवेत जातं, कागदावरचं चार वेळा वाचता येतं. खरं तर त्यांना आता वाचता येत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. फोकस लावायलाही मलाच हाक मारतात. तेव्हा तू जे लिहिशील ते मीच त्यांना वाचून दाखवणार आहे, हे ध्यानात ठेवून लिही.

विषय असा. इथल्या जुन्या बँड पथकाने आपल्या फोटोच्या दुकानात एक ग्रुप फोटो आणला. ओल लागून पांढरे डाग पडलेले. मोठा करून सरावाच्या खोलीत लावायचाय. मी आपल्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये डाग काढायचं बटण दाबलं. डाग गेले, पण ढोलवाल्याची मिशीही गेली, आणि शेजारच्याला तिसरा कान आला. कान मी काढला. मिशी परत आणता आली नाही, कारण तोवर सेव्ह झालं होतं आणि मूळ फोटो पथकवाले परत घेऊन गेले होते. पथकाचा मास्तर प्रिंट बघून म्हणाला, "हा कोण नवा पोरगा? आमच्या काकांना कुठे पाठवलंत?" सगळे हसले. मामाही हसले.

तेव्हापासून मामांचा एकच धोशा. "दादाला विचार. त्याच्याकडे ते मोठं सॉफ्टवेअर आहे. साध्यात आणि मोठ्यात फरक काय, आपण घ्यावं का, लिहून कळव म्हणावं." गिऱ्हाइकाचा भांग वाकडा असला तरी "दादा असता तर". तू इथून भांडून गेलास, सगळ्यांदेखत दुकानाला 'पासपोर्टची टपरी' म्हणालास, आणि तरी नाव तुझंच निघतं. मी नववीतून शाळा सोडून इथे बसलो तो उठलोच नाही, त्याला काय!

तुझा कंपनीतला फोटो मावशीने, म्हणजे तुझ्या आईने, दाखवला. दोन स्क्रीन, चाकांची खुर्ची. खुर्चीला डोकं टेकायलाही जागा दिसते. छान आहे.

उत्तर थोडक्यात चालेल. एक पान पुरे.

तुझा,
बारक्या


१५ जानेवारी

चि. बारक्या,

एक पान पुरे म्हणालास म्हणून मुद्दाम दोन्हीकडून लिहितोय.

मिशीचं वाचून इतका हसलो की शेजारचा उठून दुसरीकडे जाऊन बसला. आता तुझा प्रश्न. साधं सॉफ्टवेअर वाईट नसतं, ते शहाणं असतं, आणि तीच त्याची खोड. तू बटण दाबतोस, बाकीचं ते ठरवतं. उजेड कमी वाटला, वाढवलं. चेहऱ्यावर काळं दिसलं, डाग समजलं. पासपोर्टला तेवढं पुरतं. गिऱ्हाईक कंगवा जागेवर ठेवेपर्यंत तुझी प्रिंट तयार. माझ्या सॉफ्टवेअरला उघडायलाच तेवढा वेळ लागतो. पण मिशी कुठली आणि डाग कुठला, हे त्याला कोण सांगणार?

मोठं सॉफ्टवेअर शहाणं नसतं, आज्ञाधारक असतं. आपणहून काही करत नाही. कुठला डाग, किती काढायचा, कुठल्या कडेपर्यंत, सगळं तुलाच विचारतं. शिकायला वर्ष जातं आणि त्यातला बराच काळ आपण ढ आहोत असं वाटण्यात जातो. पण एकेक केस वेगळा धरता येतो. आणि मुख्य म्हणजे थर. मूळ फोटो खाली, दुरुस्ती वर, काचेवर काच ठेवावी तशी. मिशी गेली? वरची काच उचल. मिशी खाली असतेच.

तर घ्यावं का? जुने फोटो नीट करायचे असतील तर जरूर घ्यावं. नुसते पासपोर्ट करायचे तर नको.

इथे पान उलट. मागे मामांसाठी लिहिलंय. ते वाचून झालं की परत इकडे ये.

घेतलंत तर आत्ताचा कॉम्प्युटर पुरणार नाही, तो धापा टाकतो. मेमरी वाढवा. स्क्रीनही बदला, त्यात सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात.

तुझा,
दादा

(मागच्या बाजूला)

मामा, टपरी म्हणालो ते चुकलं. येऊन सांगणार होतो. पण दारात उभा राहिलो की तुम्ही काही विचारणार नाही आणि मी काही बोलणार नाही, आपल्या घराण्याची तीच रीत. मोठं सॉफ्टवेअर घेतलंत तर बसवून द्यायला येतो, बारक्याला शिकवतो. आणि तुम्ही राहा म्हणालात तर राहतो. खिडकीजवळचं टेबल मला चालेल. पण तुम्ही म्हणायला हवं. मी आपणहून आलो तर लोक म्हणतील, कंपनीने हाकलून दिला.


२८ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र मिळालं. दुपारी गिऱ्हाईक नसताना मामांना वाचून दाखवलं. शहाणं आणि आज्ञाधारक हे त्यांना फार आवडलं. मला म्हणाले, "बारक्या, तू यातलं कुठलं?" मी म्हणालो, आज्ञाधारक.

मागची बाजूही वाचली. त्यावर ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले. मग कागद हातात घेऊन मागून पुढून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ठेवून दे." एवढंच.

मला विचारशील तर मोठं सॉफ्टवेअर सध्या नकोच. वर्षभर ढ वाटून घ्यायला इथे वेळ कुणाला आहे? बँडवाल्यांना मी सांगितलंय, मिशी पेनने काढून देतो. मास्तर म्हणाला, "काढा, पण ढोलवाल्याचीच काढा, माझी नको."

एक बातमी आहे. दुसऱ्याच दिवशी मामांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. इतकी वर्षं त्यांच्या पट्ट्याला असायची, झोपतानाही. "तुझ्याकडे असू दे," म्हणाले. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

फिरतं स्टूल तू गेलास तेव्हापासून तुझ्याच उंचीला गंजून बसलं होतं. माझे पाय लोंबकळायचे. परवा तेल घालून ते खाली करून घेतलं. आणि खिडकीजवळचं टेबल रिकामं नाही, दादा. तिथे मी बसतो.

मामा पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ताईकडे जातायत. लेकीकडे जरा आरामही होईल.

तुझा,
बारक्या


९ फेब्रुवारी

बारक्या,

काहीच बोलले नाहीत? "ठेवून दे" म्हणाले? बरं. कळलं.

किल्लीबद्दल अभिनंदन. खरं सांगू, वाचून पोटात दुखलं. ती किल्ली मी एकदा मागितली होती. "आधी दार लावायला शीक," म्हणाले होते.

तुला वाटतं मी इथे मोठमोठी कामं करतो. दुरून डोंगर साजरे, बाबा. मी बूट कापतो. एका कंपनीच्या बुटांचे फोटो येतात, बुटामागचं सगळं काढून तिथे पांढरं करायचं. डावा बूट, उजवा बूट, नाडीच्या एकेका भोकातून कड काढत जायची. हातात एवढं मोठं सॉफ्टवेअर आणि समोर बूट. इथे आल्यापासून एक चेहरा केलेला नाही. तुझ्यासमोर माणसं येऊन बसतात, हनुवटी वर म्हटलं की वर करतात, आणि प्रिंट हातात आली की भांडतात. माझ्याशी अजून कुठला बूट भांडायला आला नाही. आणि ती डोकं टेकायची खुर्ची शेजारच्याची. फोटोपुरता बसलो होतो.

कंपनी मला लांबच्या शाखेत पाठवतेय, तीन वर्षांसाठी. मार्चअखेर हो की नाही सांगायचंय. मामा एक शब्द बोलले असते तर नाही म्हणालो असतो.

तू मात्र मजेत राहा. स्टुलाला तेल घालत जा.

दादा


२६ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

पट्टी निघाली. ताईच्या भिंती पिवळ्या आहेत असं समजत होतो, पांढऱ्या निघाल्या. ताईचेही केस तसेच निघाले, पण ते मी बोललो नाही.

डॉक्टरांनी रोज थोडं वाचायला सांगितलंय. घरातल्या औषधाच्या बाटल्या वाचून संपल्या. आता हाताचं अक्षर वाचायचंय. दादाचं ते पत्र पाठव.

दुकान वेळेवर उघड. पासपोर्टवाल्यांचे दोन्ही कान दिसू देत.

मामा


३ मार्च

प्रिय दादा,

गेल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. बुटांचं मला माहीत नव्हतं.

आज कामातली एक अडचण विचारतो. एका गिऱ्हाइकाने हाताने लिहिलेला कागद आणलाय, रेघांचा. मधल्या दोन ओळी काढून बाकीचा मजकूर मोठा करून त्याची प्रिंट हवी आहे. वयस्कर माणसाला वाचायला सोपं जावं म्हणून. वर आणि खाली दोन्हीकडे मजकूर असल्याने क्रॉप करता येत नाही. डाग काढायचं बटण दाबलं, तर ओळी गेल्या, पण रेघा वाकल्या, आणि रिकाम्या जागेत वरच्या ओळीतला एक शब्द आपोआप उमटला. तो पुसला की शेजारी उगवतो. तीन दिवस तो शब्द पुसतोय.

तुझ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हे कसं करतात? कुणाला कळू नये इतकं साफ होतं का?

तुझा,
बारक्या


१० मार्च

चि. बारक्या,

वा! किती दिवसांनी कुणीतरी मला कामाचं विचारलं. इथे विचारतात ते फक्त "झाले का बूट?"

तो शब्द का उगवतो सांगतो. तुझं बटण भोक बुजवायला शेजारचं उचलतं. शेजारी जे असेल तेच तिथे लावतं, त्याला वाचता थोडंच येतं! मोठ्यात हे असं करतात: मूळ कागदाला हातच लावायचा नाही. वर एक थर घ्यायचा. कोऱ्या जागेतला रेघेचा स्वच्छ तुकडा उचलून त्या थरावर ठेवायचा, कड रेघेला जुळवायची, कागदाचा खरखरीतपणाही जुळवायचा. नुसतं पांढरं फासलं तर चुना लावल्यासारखं दिसतं. आणि एक लक्षात ठेव, मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये काही पुसलं जात नाही, झाकलं जातं. तुझ्याकडे एकदा सेव्ह केलं की गेलं.

पण हे तुला पत्रातून यायचं नाही. तुझ्या स्कॅनरने सुरकुत्याही येतील. मूळ कागदच नीट पुठ्ठ्यात घालून पाठव. मी करून देतो. गिऱ्हाइकाला सांग, बूटवाल्याने केलंय.

कंपनीला हो म्हणणार आहे. अजून म्हटलेलं नाही, पण म्हणणार.

दादा


१४ मार्च

प्रिय दादा,

कागद सोबत आहे. अक्षर तू ओळखशील.

काढायच्या दोन ओळींना, 'इथे पान उलट'पासूनच्या, पेन्सिलने चौकट केली आहे. खोडता यावी म्हणून हलकी. तो पुन्हा पुन्हा उगवणारा शब्द 'नको'.

मामांनी हे पत्र वाचायला मागवलंय. त्यांना मी फक्त पुढची बाजू वाचून दाखवली होती. 'इथे पान उलट' आलं तेव्हा ते गिळलं आणि सरळ कॉम्प्युटर धापा टाकतो यावर आलो. मामांनी चष्मा पुसला ते खरं, अंगठा फिरवला ते खरं, ठेवून दे म्हणाले तेही खरं. मागची बाजू वाचली, तेवढं खोटं. मागचं मी एकट्याने वाचलं होतं. तुझं टेबलाचं वाक्य वाचून अंगाची आग झाली. 'मला चालेल' म्हणे. जसं काही ते टेबल तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं.

तू आलास की मी परत कात्रीवर जाईन, फोटो कापायला. मामा तुझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीन बघतील. माझ्या खांद्यावरून ते बघत नाहीत, मागून नुसतं विचारतात, झालं का? मला वाटलं, दोन ओळींनी काय होतंय. मग तुझं बुटांचं पत्र आलं. तेव्हाही सांगता आलं असतं. पण किल्ली मिळून थोडेच दिवस झाले होते.

काय करायचं ते कर. बूट समजून काप.

बारक्या


१९ मार्च

बारक्या,

पुठ्ठा उघडला तेव्हा आधी वाटलं, अक्षर बरं आहे कुणाचं तरी. मग पेन्सिलची चौकट दिसली. दिवसभर तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की एका बुटाची टाच कापून ठेवली. साहेब म्हणाला, "हा बूट लंगडा का?"

काम केलंय. सोबत दोन प्रिंट आहेत. एकीत त्या ओळी आहेत, एकीत नाहीत. भिंग लावून बघ, रेघ तुटलेली सापडणार नाही. इथे आल्यापासून केलेलं हे माझं पहिलं चांगलं काम, आणि ते मीच मला पुसायचं! मूळ कागदही परत पाठवतोय. पेन्सिल खोडली आहे. त्यांना यातलं काय पाठवायचं ते तू ठरव. मी ठरवणार नाही, कारण मग मी तुला आयुष्यभर ऐकवीन.

मी रागावलोय, हे कळण्यासाठी तुला भिंग लागणार नाही. पण एक गोष्ट सांगून टाकतो. किल्लीचं वाचलं त्याच संध्याकाळी तुझ्या आईला फोन केला होता. म्हणालो, "मावशी, नववीतून पळालेल्याच्या हातात दुकान? मामांना खरंच दिसेनासं झालंय." मावशीने फोन ठेवून दिला. तुला ती बोलली नसणार.

तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. फक्त सफाईने.

एकतीस तारखेला उत्तर द्यायचंय.

दादा


२७ मार्च

चि. बारक्यास,

मूळ कागद मिळाला. दोन्ही बाजू वाचल्या. सोबतची तुझी चिठ्ठीही वाचली. ती दोनदा वाचली, डोळ्यांसाठी नाही.

तुला वाटत असेल, मला काही कळलं नव्हतं. डोळे गेले होते, अंगठा नाही. दादा पेन दाबून लिहितो, त्या दिवशी कागद हातात घेतला तेव्हा मागचीही अक्षरं बोटाला लागली. तू पान उलटलेलं मात्र ऐकलं नव्हतं. मी समजलो, टपरीहून वाईट काहीतरी लिहिलंय, आणि पोराने ते आपल्यापाशीच ठेवलं, म्हाताऱ्याला लागू नये म्हणून. म्हणून विचारलं नाही. म्हणून दादाला बोलावलं नाही. आणि किल्ली दिली तीही म्हणूनच.

कळल्यावर पहिलं मनात आलं, किल्ली परत मागायची. ताईला तसं म्हणालो. ती म्हणाली, "कागद पाठवला ना त्याने?" म्हटलं, पाठवला. "त्याला कुणी सांगितलं होतं का?" म्हटलं, नाही. "मग आता जेवा," म्हणाली.

काल दादाला फोन केला. राहा म्हणालो. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. कंपनीला 'नाही' असं कळवून शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. मी अजून इथेच असेन. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. त्याच्यासाठी दार तू उघड.

मामा


२९ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र तू निघायच्या आधी मिळावं म्हणून आजच टाकतो.

दुकान गाडी यायच्या आधीच उघडून ठेवीन. बँडचा मास्तर मूळ फोटो पुन्हा घेऊन आला होता. मी पेनने काढलेली मिशी बघून म्हणाला, "आता काका वाटतात, पण दुसऱ्याच कुणाचे तरी." तर ती मिशी तू परत आण. बाकीचे डाग मी बघतो. मोठं सॉफ्टवेअर आलं की मला पहिल्या दिवसापासून शिकवायचं, 'नंतर बघू' चालणार नाही. आई तुझ्यावर अजून चिडलेली आहे, तिच्याकडे आधी जाऊन ये. मला ती काही बोलली नव्हती, मी काल विचारलं तेव्हा बोलली.

दोन प्रिंटांपैकी ओळी काढलेली मी जपून ठेवली आहे. काम खरंच साफ आहे. भिंगातूनही बघितलं. त्याचाही राग आला.

स्टूल वर केलंय. तेल असल्यामुळे लगेच फिरलं. खिडकीजवळच ठेवलंय. मी कात्रीच्या टेबलावर बसेन, सध्या.

मामांनी तुला राहा म्हणून सांगितलं. मला ते कधी म्हणाले नाहीत, कारण मी कधी गेलोच नाही. तू येतोयस ते मला अजून आवडलेलं नाही. हे मागच्या बाजूला लिहिणार होतो, पण इथेच लिहिलं. मागची बाजू कोरी आहे. हवं तर उलटून बघ.

तुझा,
बारक्या